आकड्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: ५०१ च्या पाकिटापासून ६१७४ पर्यंत

लग्नाच्या पंगतीत, फॅमिली ग्रुपवर, नाहीतर पोरांचा अभ्यास घेताना आकड्यांबद्दल जे प्रश्न हमखास निघतात ते इथे एकत्र केलेत. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी वेगळ्या काढायचा प्रयत्न केलाय: आकड्याच्या अंगात मुळात काय आहे, आणि आपण त्याला काय चिकटवलंय. चिकटवलेलं वाईट असतं असं अजिबात नाही, बऱ्याचदा तेच जास्त मजेशीर असतं, पण दोन्हीची सरमिसळ करून "आपल्या पूर्वजांचं प्रगत विज्ञान" म्हणून फॉरवर्ड करू नका एवढंच.

आहेराच्या पाकिटात ५०० का चालत नाहीत, ५०१ च का?

शून्यावर संपलेली रक्कम म्हणजे व्यवहार संपला आणि वरचा एक रुपया म्हणजे पुढचं चालू राहिलं, अशी समजूत आहे, बाकी काही नाही. म्हणून तर दुकानातल्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं (ते नखाने काढताना पाकीट फाटतं तो भाग वेगळा). "हे आकडे कशानेच भागले जात नाहीत म्हणून नातं तुटत नाही" हा मेसेज सगळ्यांनी वाचलाय. ११ आणि १०१ ला तो लागू पडतो कारण त्या मूळसंख्या आहेत, पण २१ म्हणजे ३ × ७, ५१ म्हणजे ३ × १७, ५०१ म्हणजे ३ × १६७ आणि १००१ तर ७ × ११ × १३. दोनने भाग जात नाही म्हणून नवराबायकोत वाटणी होत नाही एवढंच म्हणा, मग बरोबर.

१००१ वरून एक गंमत मात्र खरी आहे. पोराला कुठलाही तीन आकडी नंबर दोनदा शेजारी शेजारी लिहायला सांगा, समजा ३४७३४७. त्याला ७ ने भागा, आलेल्याला ११ ने, मग १३ ने. बाकी कुठेच उरत नाही आणि शेवटी ३४७ परत हातात. नंबर दोनदा लिहिला म्हणजे त्याला १००१ ने गुणलंच की!

३६ चा आकडा म्हणजे भांडण, मग लग्नात ३६ गुण जुळले तर आनंद का?

हा प्रश्न दर सीझनला येतो. भांडणाचा संबंध फक्त लिपीशी आहे, देवनागरीत ३ आणि ६ शेजारी लिहिले की दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात, ६३ लिहिलं की तोंडाला तोंड. इंग्रजी आकड्यांत लिहाल तर हे भांडण दिसतच नाही.

पत्रिकेतले ३६ वेगळे. तिथे आठ कूटं, म्हणजे जुळणीचे निकष, असतात आणि त्यांना चढत्या क्रमाने मार्क: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. बेरीज ३६, आणि १८ ला पास. ही मार्कांची पद्धत कोणीतरी ठरवलेली आहे, पण १ ते ८ ची बेरीज ३६ येते आणि तीच ६ चा वर्गसुद्धा असते हे कोणी ठरवलेलं नाही. १, २, ३ असं ओळीने मिळवत गेलात तर बेरीज पूर्ण वर्ग येणं फार दुर्मिळ आहे. १ सोडला तर पहिल्यांदा ३६ ला असं होतं, त्यानंतर थेट १२२५ ला (१ ते ४९ ची बेरीज, आणि ३५ चा वर्ग), मग ४१६१६. म्हणजे ३६ खरंच स्पेशल आहे, फक्त लग्न टिकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्याकडे सगळं साडेतीनच का असतं?

हा माझा सगळ्यात आवडता. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे, साडेतीन हाताचा देह, कुंडलिनीची साडेतीन वेटोळी. इतर लोक तीन किंवा चार म्हणून मोकळे होतात, आपण बरोबर मधे थांबतो.

यादी एकदा नीट: मुहूर्तांत गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा पूर्ण, बलिप्रतिपदा अर्धा (कुठला अर्धा यावर थोडी वादावादी आहे, पण बहुतेक घरांत हेच धरतात). शक्तिपीठांत कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, आणि वणीची सप्तशृंगी अर्धं पीठ. हे वणीच्या गडावर जाऊन मोठ्याने बोलू नका. शहाण्यांत सखारामबापू बोकील, निजामाकडचे विठ्ठल सुंदर, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे तीन आणि अर्धे नाना फडणवीस. नाना अर्धे का, तर डोकं पूर्ण होतं पण तलवारीच्या बाजूने कच्चे, असं सांगतात. गंमत म्हणजे आज विचारलं तर दहातल्या नऊ जणांना फक्त त्या अर्ध्याचंच नाव माहीत असतं.

अपूर्णांक आपल्याला जवळचे वाटतात याला कारण आहे. जुन्या शाळेत पाव, निम, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे पाठ करून घ्यायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. औट म्हणजे साडेतीन. ज्या पोराने "सात औटे साडेचोवीस" घोकलंय त्याला साडेतीन हा अर्धवट आकडा वाटणारच नाही, तो त्याच्यासाठी ३ आणि ४ सारखाच एक आकडा.

आणि गणितात साडेतीनला एक जागा आहे जी सहसा कोणी सांगत नाही. सापशिडीचा फासा घ्या, १ ते ६. बेरीज २१, भागिले ६, म्हणजे एका फेकीला सरासरी साडेतीन घरं. फाशावर साडेतीन कधीच पडत नाही पण भरपूर खेळलात की सरासरी तिथेच येऊन बसते.

साडेसाती साडेसात वर्षंच का?

शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली की एका राशीत अंदाजे अडीच वर्षं. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. हिशोब चोख आहे. त्या साडेसात वर्षांत तुमचं प्रमोशन का अडलं ते शनीला माहीत नाही.

१०८ मध्ये एवढं काय आहे?

आधी पंचांगाचं: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, २७ × ४ = १०८. शिवाय १२ राशी × ९ ग्रह हेही १०८. जपमाळेत १०८ मणी आणि वर मेरुमणी, तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. वरचे ८ कशाला, तर मोजण्यात चूकभूल झाली तरी शंभर नक्की भरावेत म्हणून, असं घरातली मोठी माणसं सांगतात आणि मला तरी हे कारण सगळ्यात पटण्यासारखं वाटतं.

आता गणिताचं. १ चा पहिला घात, २ चा दुसरा, ३ चा तिसरा, म्हणजे १ × ४ × २७, गुणाकार १०८. नियमित पंचकोनाचा आतला प्रत्येक कोन १०८ अंशांचा. इथपर्यंत सगळं पक्कं.

"सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या बरोबर १०८ पट आणि चंद्राचंही" हे फॉरवर्ड मात्र जरा सैल आहे. सूर्याचं सरासरी एकशे साडेसातच्या आसपास येतं, चंद्राचं १११ च्या जवळ, आणि दोन्ही अंतरं कमीजास्त होत असतात कारण कक्षा गोल नाहीत. जवळपास म्हणा, "बरोबर" म्हणू नका. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत म्हणूनच आकाशात सूर्य आणि चंद्र सारख्याच आकाराचे दिसतात आणि खग्रास सूर्यग्रहण होतं, खरी कमाल तिथे आहे.

आणि हो, महाराष्ट्रात अपघात झाला तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ च लावायचा.

"युगे अठ्ठावीस विटेवरी उभा", २८ च का?

पूजेत गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा नीट ऐका, त्यात "अष्टाविंशतितमे" येतं. पुराणांच्या कालगणनेत सध्याच्या वैवस्वत मन्वंतरातली चार युगांची अठ्ठाविसावी चौकडी चालू आहे, तिथून हा आकडा आला असं एक स्पष्टीकरण देतात.

गणितात २८ ही परिपूर्ण संख्या आहे. तिला भाग जाणारे तिच्याहून लहान आकडे मिळवा: १ + २ + ४ + ७ + १४, बरोबर २८. अशी पहिली संख्या ६, दुसरी २८, मग ४९६, मग ८१२८. युक्लिडपासून लोक यांच्या मागे आहेत आणि विषम परिपूर्ण संख्या असते की नाही याचं उत्तर अजून कोणाकडेच नाही. नामदेवांच्या मनात हे होतं का? नव्हतं, आणि असायची गरजही नाही. पण आरती म्हणताना मला दरवेळी आठवतं खरं.

दुष्काळात तेरावा महिना हा कुठला महिना?

अधिक मास. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं, दर वर्षी साधारण ११ दिवसांचा फरक साठत जातो. तो तसाच सोडला तर दिवाळी पावसाळ्यात येईल, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालतात. १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्र महिने बसतात; १९ × १२ = २२८, म्हणजे १९ वर्षांत ७ अधिक महिने. ग्रीकांना आणि बाबिलोनच्या लोकांनाही हा १९ चा हिशोब माहीत होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. आधीच खायला नाही आणि वर्ष आणखी एका महिन्याने लांबलं, म्हणून म्हण.

याच महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि जावयाची चैन असते, ताटात ३३ अनारसे आणि दिवा. जाळीदार पदार्थच द्यायचा. ३३ का, तर हा महिना साधारण तेहतिसाव्या महिन्याला येतो म्हणून असं सांगतात, आणि हिशोबाला ते बसतं. ज्या सासूबाईंनी तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गुळात मळून ३३ अनारसे तळलेत आणि त्यातले सात कढईत हसलेत त्यांना विचारा, ३३ हा किती मोठा आकडा आहे.

शून्य भारतानेच शोधलं ना? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही होणार. रिकामी जागा दाखवायला खूण बाबिलोनमध्ये होती, माया लोकांकडेही होती. आपल्याकडचं वेगळेपण हे की शून्य हा स्वतः एक आकडा आहे, त्याची बेरीज वजाबाकी करता येते, हे नियम करून लिहिलं गेलं, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये. शून्याला शून्याने भागून शून्य येतं असंही त्याने लिहिलंय, ते आज कोणी मानत नाही. पुढे ११५० मध्ये लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी संख्येला शून्याने भागलं की "खहर" म्हणजे अनंत राशी येते असं मांडलं. त्यांच्या नातवाच्या काळातला, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालच्या लेखात बागेची लांबी २७० हात अशी लिहिलीय, त्यातलं शून्य आजच्यासारखंच गोल. त्याहून जुनं, ६८३ सालचं शून्य कंबोडियातल्या शिलालेखात टिंबाच्या रूपात आहे, तेही शक संवत वापरून. आणि शून्याशिवाय आकडे कसे लिहायचे हे बघायचं असेल तर जुन्नरजवळ नाणेघाटात जा, सातवाहनांच्या लेखात दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नावाच्या नाण्यांचे आकडे ब्राह्मीत आहेत, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. ट्रेकिंगला जाणारे तिथे सेल्फी काढून निघतात, भिंतीकडे बघतच नाहीत.

१ ही मूळसंख्या का नाही?

सोयीसाठी. १२ चे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, २ × २ × ३. एकला आत घेतलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ असं कितीही लांबवता येईल आणि "एकाच प्रकारे" हा नियम मोडेल. म्हणून बाहेर.

६१७४ हा कापरेकरांचा आकडा काय आहे? खरंच प्रत्येक वेळी येतो?

येतो, आणि हे इथे बसल्या बसल्या करून बघा. चार आकडी नंबर घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तराला परत तेच. द. रा. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये जाहीर केलं, तेव्हा १९४९ च घेऊ:

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ७६४१ − १४६७ परत ६१७४, इथून सुटका नाही. कुठलाही नंबर घेतला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, आणि नेमक्या १९४९ ला पूर्ण साती लागतात हा योगायोग. शून्य असेल तर ते टाकून देऊ नका, ०२८८ असं चार आकडीच धरा, पोरं इथेच चुकतात.

का होतं? वजाबाकी करताना चारही अंक वेगवेगळे लक्षात ठेवायची गरजच नसते. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक × ९९९, अधिक मधल्या दोघांतला फरक × ९०, एवढंच उत्तर. त्यामुळे हजारो नंबर पहिल्याच पायरीत फक्त ५४ उत्तरांवर येतात, आणि ५४ चा रस्ता तर वहीच्या एका पानावर काढता येतो. तीन आकडी नंबरांना असंच ४९५ आहे. पाच आकडी करायला जाऊ नका असं म्हणणार नाही पण तिथे एक मुक्कामाचा आकडा नाही, तुम्ही तीनपैकी एका चक्रात गोल गोल फिरत बसता.

कापरेकर जन्मले डहाणूला, १९०५ मध्ये, शिकले फर्ग्युसनला आणि आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर होते. पीएचडी नाही, युनिव्हर्सिटीची खुर्ची नाही, आपले शोध स्वतःच छोट्या पुस्तिकांत छापायचे आणि इथल्या बऱ्याच मोठ्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे करमणूक म्हणून बघितलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं, मग आपल्यालाही. हे आपल्याकडे नेहमीचंच.

त्यांचे बाकीचेही आकडे बघा. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा ३०२५, ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. स्वयंभू संख्या म्हणजे ज्या दुसऱ्या संख्येत तिचेच अंक मिळवून बनत नाहीत: २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४, म्हणून २४ स्वयंभू नाही, पण २० कशापासूनच बनत नाही. या संख्यांना देवळाली नंबरसुद्धा म्हणतात. डेमलो नंबर (१, १२१, १२३२१ असे) हे तर मुंबईजवळच्या तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनच्या नावावरून, लोकलची वाट बघताना माणूस काय करेल सांगता येत नाही.

१७२९?

रामानुजन, इंग्रज गणितज्ञ हार्डी आणि त्याच्या टॅक्सीचा नंबर, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सगळ्यात लहान संख्या, १२³ + १³ आणि १०³ + ९³. त्यात एक भर घाला, १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. अंकांच्या बेरजेने भाग जातो अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद संख्या नाव दिलं. १०८ पण हर्षद आहे, करून बघा.

सातबाऱ्याला सातबारा का म्हणतात, त्याचा काही शुभ अर्थ आहे का?

नाही हो. तलाठ्याच्या दप्तरात २१ गाव नमुने असतात, त्यातला नमुना ७ म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आणि नमुना १२ म्हणजे त्यात पीक काय, दोन्ही एकाच कागदावर येतात. "सातबारा कोरा" म्हणजे कर्जाचा बोजा उतरला, याहून शुभ आकडा शेतकऱ्याला दुसरा कुठला असणार.

४२० अजून ४२० आहे का?

कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक आता कलम ३१८ मध्ये. पण "तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे" असं म्हणून बघा, कोणाला राग तरी येतो का.

डझन बाराचाच का, दहाचा का नाही?

१२ ला २, ३, ४, ६ ने भाग जातो, १० ला फक्त २ आणि ५ ने. बाजारात वाटणी करायला बारा सोपा पडतो, पाव डझन आंबे म्हणजे तीन, पाव दहा म्हणजे अडीच आंबे. शिवाय अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजलीत तर एका हातावर बारा भरतात. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे ६४ पैसे, तेही याच कारणाने, अर्धं, पुन्हा अर्धं करत जायचं. १ एप्रिल १९५७ ला शंभर नवे पैसे आले, आणि ३० जून २०११ नंतर चार आणेही चलनातून गेले, पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला काही जात नाही.

"त्रेसष्ट" की "साठ तीन"?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ही दुसरी पद्धत आली आणि महाराष्ट्र पेटला, विषय थेट विधानसभेपर्यंत गेला. चिडलेल्यांचं मी समजू शकतो, पण आधी पोराला ७९ आणि ८९ लिहायला सांगा. एकोणऐंशी ऐकलं की ८ लिहितो, एकोणनव्वद ऐकलं की ९. आपल्याकडे ऐकताना एकं आधी येतं आणि लिहिताना दहं आधी, डोक्यात उलटापालट करावी लागते. कन्नडमध्ये, इंग्रजीत वीस आधी मग एक. गणित समिती सांभाळणाऱ्या मंगला नारळीकरांचा मुद्दा हाच होता, की सुरुवातीला सोपं जावं. मला विचाराल तर दोन्ही चालू द्यावं, आजी "सत्त्याऐंशी" म्हणेल तेव्हा कळलं पाहिजे आणि पोराला गणिताची धडकी पण भरू नये.

गाडीसाठी कुठला नंबर लकी?

आरटीओसाठी सगळेच चॉईस नंबर लकी असतात, ०००१ ला तर लाखांत फी आहे. आपल्याकडची खरी हौस वाचता येणाऱ्या नंबरांची, ४१४१ जरा वळवून लिहिला की "दादा", २१४ चा "राम", ४९१२ चा "पवार", आणि ८०५५ चा इंग्रजी "बॉस". ही कला आता संपत चालली कारण हाय सिक्युरिटी प्लेट आली, अक्षरं ठरलेली, वळवायला जागाच नाही.

आणि ज्यांना बेरीज ९ च हवी असते त्यांच्यासाठी: अंकांची बेरीज करत शेवटी ९ उरतो म्हणजे त्या नंबराला ९ ने भाग जातो, आणि ०००१ ते ९९९९ मध्ये असे बरोबर ११११ नंबर आहेत. रस्त्यावरची साधारण दर नववी गाडी. तुम्ही त्यासाठी पैसे मोजलेत, बाकीच्यांना फुकटात लागलाय.